दुमडलेला कोपरा

शलाकाची मुलगी दहावी पास झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. दुपारचं जेवण झालंय, मी खाटेवर पडलेय. पलीकडच्या खोलीत शलाका, माझी मुलगी, फोनवर कुणाला तरी सांगतेय, "उद्या सकाळी राजीनामा पाठवते. मी परत विमाच विकते. हे मला जमणारं नाही."

वडिलांमागे नऊ वर्षं तिनं त्यांच्या विम्याच्या गिऱ्हाइकांची घरं सांभाळली. दोन वर्षांपूर्वी ते सोडून सॉफ्टवेअरच्या कंपनीत गेली. व्यापाऱ्यांकडे जायचं, त्यांचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर बसवून द्यायचं. तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. आता तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिचं काम अडलंय. तिथले मगदूम आण्णा कुणाचा माल कुठल्या खोलीत आहे ते चाळीस वर्षं तोंडपाठ सांगतात. शलाकानं विचारलं की म्हणतात, "वय झालं बाई. आठवत नाही."

तिचा आवाज लांब जातो. डोळा लागतोय तोच खाट करकरते. पायथ्याशी हे बसलेत. मांडीवर विम्याच्या कागदांची ती तपकिरी बॅग.

"अहो, कधी आलात?"

"मास्तरीणबाई, आधी पाणी तरी विचारा."

मला अक्षर आलं ते सेहेचाळिसाव्या वर्षी, ह्यांच्या डायरीवर बोट ठेवून. तेव्हापासून मी मास्तरीणबाई.

पाणी आणायला उठते तर स्वयंपाकघर नाही. मी ह्यांच्या लुनावर मागे बसलेय, हातात भरलेला तांब्या. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. गाडी खड्ड्यांतून उडतेय, पण पाणी हिंदकळत नाही.

"पोरीनं विमा सोडला," मी ह्यांच्या पाठीला सांगते. "बापाचं नाव बुडवलंस, असं बोलले मी तिला."

"माझं नाव म्हणजे काय पॉलिसी आहे, हप्ता चुकला की बुडायला?"

मला हसू येतं. "मग आता परत येतेय, तर येऊ दे का?"

लुना थांबते ती थेट कोल्ड स्टोरेजच्या आत. तोंडातून वाफ निघतेय. छतापर्यंत बेदाण्याची खोकी, आणि मधोमध आमच्या घरातली चटई. तिच्यावर मगदूम आण्णा चहा पीत बसलेत, काळ्याभोर मिशांचे, तरणेताठे.

"ह्या माणसानं मला सहा वेळा परत पाठवलं," हे कौतुकानं सांगतात. "सातव्यांदा स्वतःच म्हणाला, सुतार, त्या बॅगेत काय आहे ते दाखवा की एकदा."

"सहा वेळा काय केलंत मग?"

"चहा प्यालो. बेदाणा कसा राखायचा ते ऐकलं. शलाकानं काय केलं?"

"पहिल्याच दिवशी त्यांच्या वहीवर लॅपटॉप ठेवला."

हे कपाळाला हात लावतात. "अरे देवा! माझी पोरगी आणि बॅग उघडायची एवढी घाई? विमा सोडला ते बरं केलं, उन्हातान्हातनं सुटली. पण माणसाजवळ बसायचं कशाला सोडलं?"

"तुम्हीच सांगा तिला."

"तू सांग. तुला वाचता येतं आता."

ते बॅगेतून डायरी काढतात, एक पान शोधतात, कोपरा दुमडतात आणि त्यावरून अंगठ्याचं नख ओढतात.

"अहो, थांबा ना जरा. चहा टाकते."

"बिनसाखरेचा टाक," आण्णा म्हणतात, आणि मी जागी होते.

चार वाजलेत. खाटेखालून बॅग ओढली, डायरी काढली. ज्या घरी पुन्हा जायचं, त्या घराच्या पानाचा कोपरा हे दुमडून ठेवत. तेराव्यानंतर मी एकेक कोपरा सरळ केला होता आणि डायरीवर आठ दिवस पाटा ठेवला होता. शलाका ते काम घेईल असं तेव्हा वाटलं नव्हतं; आता कोण जाणार, म्हणून.

मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

चष्मा लावला. अक्षरांखाली बोट धरून वाचलं. "मगदूम आण्णा. चहा बिनसाखरेचा. घाई खपत नाही. बॅग गाडीलाच राहू द्यावी."

शलाकानं ते उभ्यानंच दोनदा वाचलं.

"आई, हा कोपरा तू दुमडलास?"

"मी कशाला दुमडू?" मी म्हणाले. "आणि तेव्हा बोलले ते मनातून काढ. ह्यांचं नाव काही बुडालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तासगावला निघाली. लॅपटॉपची बॅग खाटेवरच राहिली होती. मी पाहिली, पण हाक मारली नाही.

माझे यजमान, विमा एजंट दिनकर तातोबा सुतार, २०१४ साली किंक्रांतीच्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता वारले.