मीठ कमी शे

स्वतःच्या सुनेची बदनामी दर आठवड्याला, न चुकता, दारोदार फिरून करणारा माझ्या घरमालकांसारखा दुसरा सासरा उभ्या जगात झाला नसेल. शहाद्याकडच्या तापीकाठच्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून गेलो ते स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी, आणि यांच्या ओसरीलगतच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माणूस गुजर, केळी-कापसाचा बागायतदार. पण राहणी अशी, की पाहणाऱ्यानं यांच्याच पदरात पसाभर दाणे टाकावेत! चपला पायात कमी आणि काखेत जास्त. संध्याकाळी गप्पांना बसले की आधी कंदील बारीक करायचे आणि वर मलाच विचारायचे, "बोलाले उजेड कसाले, मास्तर?" माझ्या बायकोनं एकदा कढीलिंब मागितला, तर डहाळी नव्हे, सात पानं आणून दिली. आठवं पान वाटेत गळालं असेल म्हणून ती बिचारी अंगण शोधत बसली.

बाजाराच्या दिवशी मात्र हे गृहस्थ धुतलेली टोपी घालून, हातात चार पुडांचा पितळी डबा घेऊन सकाळीच बाहेर पडत. गावात पाच-सहा म्हातारी माणसं अशी होती, की ज्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. त्यांच्या दाराशी उभे राहून हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडगाणं लावायचे, "काय सांगू! मन्ही वहूले सैपाकच येत नही. जरा चाखी दखा, मीठ बरोबर शे का?" आणि चाखायला काढायचे ते काय, तर दोन वेळा पुरेल एवढी दाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर ठेचा. रात्री गावाची राखण करून म्हातारा झालेल्या जागल्याच्या तोंडात एक दात नव्हता, म्हणून त्याला चाखायला नेहमी मऊ खिचडीच. तो ती बोटानं निपटून खायचा आणि न्यायाधीशासारखं तोंड करून निकाल द्यायचा, "तांदूय कच्चा शे." घरमालक मान खाली घालून ऐकून घेत आणि पुढच्या दारी जात. तापीला पूर असो की अंगात ताप असो, हा दौरा कधी चुकला नाही. आता ज्या सूनबाईंवर हे बालंट, त्यांच्या फोडणीचा वास भिंतीपलीकडून आला की मी वर्गातल्या वह्या तपासताना बरोबरलाही फुली मारायचो! पण गावात नाव असं झालेलं, की लग्नकार्यात कुणी त्यांना चुलीजवळ फिरकू देत नसे.

या सगळ्या परीक्षकांत खरी अवघड होती ती वेशीजवळची मांडेवाली म्हातारी. तरुणपणी हिच्या हातावर पुरणाचा मांडा कोपरापर्यंत पसरायचा नि खापरावर पडायचा. पंचक्रोशीतलं एकही लग्न हिच्याशिवाय लागलं नव्हतं. आता हात कापायचे आणि चूल दोन दिवसांतून एकदा पेटायची. पण कुणी पसाभर पीठ पुढे केलं, तर ही बाई ते कोंबड्यांना घालायची. घरमालकांच्या डब्यातलं मात्र खायची, कारण तो परीक्षेचा मामला होता. जेवून झालं की दाळीतल्या चुका अर्धा तास सांगायची.

आणि मग मी माझी विद्वत्ता दाखवली. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, समोर सारा गाव, आणि मला स्फुरण चढलेलं. घरमालकांकडे बोट दाखवून मी म्हणालो, "निराधार वृद्धांना नियमित अन्नदान करणारे हे थोर गृहस्थ!" टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लिंबाखाली बसलेल्या म्हातारीला माझ्या भाषणातला एकच शब्द कळला असावा, तो म्हणजे दान. ती उठली आणि काठी टेकत घरी गेली.

पुढच्या बाजारी तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "ली जाय, भाऊ. मी धरमनं खात नही." त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. तिसऱ्या बाजारी आतून आवाजही आला नाही, नुसतं खोकणं. घरमालक भरला डबा घेऊन परत आले, ओसरीवर टेकले आणि मला एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमनी मराठी भलती शुद्ध शे." शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं हो! म्हातारी माझ्या एका शब्दापायी उपाशी मरणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

चौथ्या बाजारी सूनबाई उठल्या. दाळीत मुठीनं मीठ ओतलं, डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच वेशीकडे निघाल्या. मीही चोरासारखा मागे गेलो. म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी मोठ्यानं गळा काढला, "माय, सासरा गावभर माले नावं ठेवस! आज तू चाखी दख आनि शिकाड, नहीतर मी माहेर चालनी!" मग दार किलकिलं झालं, एक कापतं बोट दाळीत बुडालं, आणि म्हातारी थू थू करत कडाडली, "अशी दाय कोनी करस का, वं? ऊठ! चूल पेटाड!" त्या दिवशी दोघींनी नवी दाळ शिजवली आणि म्हातारीनं ती चाखता चाखता संपवली. परतताना मी सूनबाईंना म्हणालो, "अहो, तुमचं नाव कायमचं गेलं." त्या म्हणाल्या, "मन्हं नाव जाऊ द्या, गुरुजी. ती जेवनी ना?" मला माझीच लाज वाटली.

पुढे म्हातारी गेली, जागल्या गेला. घरमालकही गेले. मी निवृत्त झालो, गाव सोडवेना म्हणून त्याच दोन खोल्यांत राहिलो, आणि गेल्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून चहा आणि शेंगदाणे यांवर माझं बरं चाललं होतं, निदान मी तरी तसंच सगळ्यांना सांगत होतो.

परवा बाजाराच्या दिवशी दार वाजलं. सूनबाई उभ्या होत्या; केस पांढरे झालेले, हातात तोच पितळी डबा. "गुरुजी, जरा चाखी दखा. मीठ बरोबर शे का?"

मला आधी रागच आला. अहो, मला पेन्शन आहे! मग दाळीचा वास आला आणि डोळे भरून आले. भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला. मीठ इतकं अचूक होतं, की सांगता सोय नाही. सूनबाई मान खाली घालून निकालाची वाट बघत होत्या.

इतकी वर्षं या गावात राहून मी जी बोली तोंडात येऊ दिली नव्हती, तीच आली. म्हटलं, "मीठ जरासं कमी शे."

"बरं," त्या म्हणाल्या, "पुढला बाजारले नीट करसू."