बिनवासाची पावडर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला तसं म्हणावं लागणार नाही. भाजीवाल्याने हसून कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटीपालटी करून बघते. तर त्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या या स्वभावाला अगदी भरपेट खायला मिळालं.

आम्ही तेव्हा चिंचवडच्या गावठाणात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. हे पिंपरीच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होते आणि मुलगी तिसरीत होती. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी वर्गातल्या सगळ्यांच्या आया बाईंना काही ना काही द्यायच्या. मी एक हिरवा खण आणून ठेवला होता. जेवताना सहज तसं बोलले, तर ह्यांनी ताटातून मान वर केली.

"खण नको. त्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी देऊ. मी बघतो."

मी बघतो! मुलगी दुसरीत की तिसरीत हे ज्याला दर वेळी विचारावं लागायचं, लग्न झाल्यापासून बायकोसाठी स्वतःहून एक गजरा ज्याने आणला नव्हता, तो माणूस आता बाईंच्या उपयोगाचं बघणार होता. त्यात बाई तरुण. दापोडीहून बसने यायच्या, लग्न अजून व्हायचं होतं, आणि साडीची एक निरी इकडची तिकडे नसायची.

"त्यांना काय उपयोगी पडतं ते तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"पोरगी सांगते ना," म्हणाले आणि आमटी मागितली. पोरगी खाली मान घालून हसत होती. म्हणजे तीही सामील.

ह्यांची पहिली शिफ्ट होती. चारच्या आत घरी येणारा माणूस त्या आठवड्यात तीनदा साडेपाचला आला. विचारलं तर ओव्हरटाइम. घरमालकीण मात्र वेगळंच बोलली. जुन्या गावातली बाई, दिवसभर ओट्यावर बसून असायची, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"ओव्हरटाइम कसला गं पोरी? तुझा मालक साळंच्या फाटकाशी दिसला मला. बाईसंगं बोलत हुता. मी आपलं दिसलं ते सांगितलं, माझं काय जातंय!"

तिचं काही जात नव्हतं, खरंच. माझं सगळंच जायची वेळ आली होती. सासर-माहेर लांब साताऱ्याकडे, इथे माझं म्हणावं असं हे एकच माणूस. मी भ्याले होते, आणि भ्याले की मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा खाकी शर्ट धुवायला घेतला. सवयीने खिसा चाचपला, तर बोटांना पांढरी पावडर लागली. वास घेऊन बघितला. वास नव्हता. म्हटलं, घरी कळू नये म्हणून मुद्दाम बिनवासाची निवडली असेल. त्याच खिशात एक चतकोर कागद होता. त्यावर पेन्सिलीने एक नळी काढलेली, तिच्या टोकातून बाहेर आलेला एक शेंडा, बाजूला बारीक आकडे, आणि खाली ह्यांच्या अक्षरात, 'बाई म्हणतात थोडी बारीक हवी.'

असली नळी मी पुण्याला एका दुकानाच्या काचेत बघितली होती. लिपस्टिक! आणि त्यातही बारीक हवी म्हणे! मी तो शर्ट असा काही घासला की एक बटण तुटलं. सोड्याच्या पाण्याने बोटांच्या भेगा झोंबत होत्या, पण तिकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी खण घेऊन थेट शाळेत गेले. मुलं सुटली होती. बाई एकट्याच फळा पुसत होत्या. मी वाक्य पाठ करून आणलं होतं. "आमच्या घरची भेट मी देणार, दुसऱ्या कुणी द्यायची नाही."

"अहो, भेट तर मिळाली की!" म्हणत त्यांनी खणातून... टेबलाच्या खणातून एक पितळी नळी काढली. तीच, चित्रातली. तिच्या टोकातून पांढरा खडू बाहेर आला होता.

"खडूने माझी बोटं फुटतात, रक्त येतं. तुमच्या मुलीने घरी सांगितलं वाटतं. तुमचे मिस्टर तीनदा आले. मला फळ्यावर लिहायला लावायचे, बघायचे, आणि नळी परत घेऊन जायचे. पहिली जाड झाली, दुसरीतून खडू सटकायचा. भंगारातलं पितळ आहे, गेटपास घेऊन बाहेर काढलंय, हे तर चारदा सांगितलं."

माझं तरीही समाधान होईना. "तुमच्या बोटांची एवढी काळजी?"

बाई हसल्या. "मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, 'घरी हिची बोटं अशीच फुटतात, सोड्याने. तिच्यासाठी लेथवर काय करावं ते काही सुचत नाही. निदान तुमचं तरी होईल.'"

खण पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. बाईंनी खण घेताना माझ्या बोटांकडे बघितलं.

त्या दिवशी हे वेळेवर घरी आले. मी चहा केला.

"खण दिलास?"

"दिला."

"बाई काही म्हणाल्या?"

"नाही," मी म्हटलं.

बशी घेताना त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. असं ते रोजच करत असणार. मी त्यांचे खिसे बघत होते, येण्याच्या वेळा बघत होते. हे तेवढं मी कधी बघितलं नव्हतं.