मधल्या गिटारचा लुसाला

आमच्या काँगोतल्या रुंबा गाण्याला तीन गिटारी लागतात. खालची ताल धरते, वरची नाचते आणि मधली त्या दोघींना बांधून ठेवते. वरची वाजवणाऱ्याचं नाव पोरं भिंतीवर लिहितात. मधली म्हणजे जेवणातलं मीठ. असलं तर कुणी बोलत नाही, नसलं की सगळ्यांची तोंडं वाकडी. किन्शासाच्या माटोंगे वस्तीतला लुसाला अर्धं आयुष्य हे मीठ वाढत आला होता.

पाच बँड झाले त्याचे. आमच्याकडे बँड फुटायला काय लागतं? गायकाच्या बायकोला पुढची खुर्ची मिळाली नाही, फुटला बँड. नवा निघाला की पहिला निरोप लुसालाला, कारण त्याच्याशिवाय गाणं उभंच राहत नसे. पण नाव? ते नाही. गाणं अर्ध्यावर आलं की गायक गप्प होतात आणि गिटारी उधळतात. त्याला सेबेन म्हणतात, आणि माणसं त्यासाठीच येतात. त्या क्षणी गायक माइकमध्ये एक नाव ओरडतो, वरच्या गिटारवाल्याचं. लुसालाचं नाव कधी कुणी ओरडलं नव्हतं. ते त्याला फार लागलं होतं. बायको बोलुंबूला हे ठाऊक होतं, म्हणून तर ती चिडवायची.

"शेजारीण विचारते, तुमचे हे काय करतात?"

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, बँडबरोबर जातात. खुर्च्या लावत असतील."

सगळ्यांत चांगले दिवस एफोंगेबरोबरचे. एफोंगे वरची वाजवायचा. बोलुंबूच्या गावचा, म्हणून लुसालाला दाजी म्हणायचा. दोघं एका बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि अंगण पेटवून देत. मग एफोंगेला नदीपलीकडून, ब्राझाव्हिलहून बोलावणं आलं आणि तो गेला. तिकडे त्याचं मोठं नाव झालं, पण हात पुन्हा तसा पेटला नाही, असं लोक म्हणत. हे ऐकून लुसाला खूश व्हायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा.

तो रविवार मात्र वेगळाच उजाडला. दुपारी मोठ्या बारच्या अंगणात कार्यक्रम होता, आणि सकाळी कळलं की बँडचा वरचा गिटारवाला दुसऱ्या बँडबरोबर पसार झाला. बँडचा मालक आणि गायक काझादी धापा टाकत लुसालाच्या दारात आला.

"पापा लुसाला, आज वरची तुम्ही धरा."

लुसालाच्या गालाला दाढीचा साबण तसाच होता. "सेबेनला माझं नाव घेशील?"

"दहादा घेईन."

"एकदा पुरे."

बोलुंबूनं शर्टाला इस्त्री केली आणि विसरून पुन्हा केली. "नाव आलं तर टेबलावर चढून नाचेन," ती म्हणाली.

"टेबल मोडेल."

"मोडू दे. नवरा एकदाच वर चढतोय."

राहता राहिला प्रश्न मधलीचा. लुसाला अंगणात पोचला तर समोर एफोंगे, बिअरची बाटली हातात धरून बसलेला. भाचीच्या लग्नाला सकाळच्या बोटीनं आला होता. लुसालानं ना रामराम केला ना चौकशी.

"मेव्हण्या, मधली धर."

"मी? आणि मधली?"

"येत नसेल तर तसं सांग."

एफोंगे हसला. "दाजी, तुमची मधली मला पाठ आहे. तिच्याच खांद्यावर बसून मी उंच दिसलो. तिकडे गेल्यावर कळलं."

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. लुसालानं मान खाली घातली आणि तारा पुन्हा जुळवल्या, जुळलेल्याच.

पहिलं अर्धं गाणं गोडीत गेलं. मग गायक थांबले, ढोल भडकला आणि लुसालाची बोटं वर धावली. काय हात चालला बापड्याचा! भाजलेला बकरा ताटात टाकून माणसं उठली. बोलुंबूनं एक पाय खुर्चीवर ठेवला. काझादी घामानं निथळत होता, डोळे मिटलेले. पूर्वी तो एफोंगेच्याच बँडात गायचा. जुन्या सवयीनं जीभ वळली आणि तो ओरडला, "एफोंगे!"

सगळं मुसळ केरात. बोलुंबूनं पाय खाली घेतला. लुसाला वाजवत राहिला, पण चेहरा पार उतरला होता.

तेवढ्यात एफोंगे वाजवता वाजवता उठला आणि काझादीला खांद्यानं ढकलून माइकवर वाकला. "मी नव्हे. लुसाला! आज वरची लुसालाची आहे!" आणि सगळं अंगण ते नाव ओरडू लागलं. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. बोलुंबू टेबलावर, चपला खाली.

आणि आनंदाच्या भरात लुसालाचा हात वाट चुकला. सवयीनं तो खाली उतरला, आपल्या घरी, मधलीच्या सुरावटीवर. आता दोघंही मधली वाजवत होते आणि वर कुणीच नव्हतं. एफोंगेनं पाहिलं, हसला आणि क्षणात वर चढला. त्याचा हात पुन्हा जुन्या दिवसांसारखा पेटला. लोक म्हणतात, लुसालाला हे कळलंच नाही. मला नाही पटत. कळलं होतं, पण जे वाजत होतं ते इतकं सुंदर होतं, की त्याला हात तिथून हलवावासा वाटला नाही.

कुणीतरी ते टेपवर घेतलं होतं. आठवड्याभरात कॅसेट गल्लीत फिरली. शेजारीण टेप घेऊन बोलुंबूच्या अंगणात आली. तिनं बटण दाबलं. लुसालाच्या नावाचा गजर झाला आणि लगेच ती वरची गिटार लखलखत निघाली.

"आता कळलं बाई," शेजारीण म्हणाली, "हेच ना तुमचे हे?"

आत दाढी करणाऱ्या लुसालाचा हात थांबला. उखळात पालेभाजी कुटता कुटता बोलुंबूनंही मुसळ थांबवलं.

"छे. हा एफोंगे," ती म्हणाली. "आमचे हे त्याच्या खाली आहेत. नीट ऐक, ते थांबले तर तो पडेल."

शेजारणीनं कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली.