राजसबाईंनी मुरलीला घराबाहेर काढलं

चेन्नईच्या मैलापुरातल्या मुलींच्या शाळेत राजसबाईंनी जन्मभर कबड्डी शिकवली. घराणं तंजावरकडचं मराठी. लग्न केलं नाही. वडिलांची म्हणून तिरुप्पोरूरच्या पलीकडे नारळाची बाग आणि तिच्यात एक कौलारू घर होतं. ते घर त्यांनी मुरलीला महिन्याच्या भाड्यानं दिलं, कागदबिगद न करता. तिथंच त्या चुकल्या.

मुरली राखणीचे कुत्रे तयार करून बांधकामांवर भाड्यानं द्यायचा. त्यांना उपाशी ठेवून साखळीनं झोडपायचा, म्हणजे ते चांगले खुनशी होतात म्हणे. बागेची देखभाल करणारी गोदा एकदा त्यांना पाणी ठेवायला गेली, तर त्यानं बादली तिच्या अंगावर भिरकावली. हे कळल्यावर राजसबाईंनी वकिलाकडून रीतसर नोटीस धाडली: महिनाअखेर घर सोड.

नोटीस घेऊन आलेल्या पोस्टमनला मुरलीचं दार गोदानं दाखवलं. एवढं निमित्त त्याला पुरलं. पोस्टमनची पाठ वळताच त्यानं तिला ओसरीवर आपटलं आणि तिच्या हातावर पाय देऊन उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज आपल्याच कानांनी ऐकला, असं गोदानं फोनवर सांगितलं.

राजसबाईंनी मिळेल ती बस पकडली. पोलिसांना फोन लावायला हवा होता, हे त्यांना कळत होतं. लावला नाही.

मुरली ओसरीवर भात खात होता. गोदा फाटकाशी, हात पदरात बांधून बसलेली.

"आत्ताच्या आत्ता नीघ," राजसबाई म्हणाल्या.

"महिना संपू दे की, टीचरम्मा. नोटिशीत तसंच लिहिलंय ना?" असं म्हणत त्यानं खरकट्या हातानंच एका पिंजऱ्याची कडी काढली.

कुत्रा सरळ राजसबाईंवर आला. दात पोटरीत रुतले, मांस सुटलं. त्या पडल्या, पडता पडता हाताला नारळाच्या झावळीचा वाळका दांडा लागला. कुत्र्याला एक तडाखा बसला तसा तो केकाटत पळाला. मुरली हसत पुढे आला आणि त्यानं त्यांचे केस धरले. कबड्डीत घोटा धरून माणूस लोळवायचं कसब हातांत अजून होतं. त्यांनी त्याचा घोटा ओढला, तसा तो पायरीवर तोंडावर आदळला, ओठ फाटला, दात सांडले.

इथं त्यांनी थांबायला हवं होतं. त्यांनी त्याच्या पाठीत दांडा घातला, मग खांद्यावर, मग त्यानं डोक्यावर घेतलेल्या बोटांवर. तो "अम्मा, अम्मा" करून ओरडू लागला, आणि ते ऐकून त्यांना बरं वाटलं. एका हातानं सरपटत आलेल्या गोदानं त्यांची कंबर धरली.

"पोदुम, अक्का! पुरे! मरेल तो!"

तेव्हा कुठं दांडा खाली आला. पोटरीतल्या जखमेचं त्यांना काही वाटलं नाही. आपल्याला थांबायचंच नव्हतं, या गोष्टीची भीती वाटली.

ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी झाल्या: राजसबाईंची आणि गोदाची मुरलीवर, मुरलीची राजसबाईंवर. मुरलीला बाहेर बसवून इन्स्पेक्टरांनी राजसबाईंना समजावलं, "टीचर, तो घर सोडतोय. दोन्हीकडून तक्रारी मागं घ्या. नाहीतर या वयात तुमच्यावरही केस उभी राहील."

राजसबाईंनी पेन उचललं. घर मोकळं होत होतं, आणखी काय हवं?

"अक्का," प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली गोदा म्हणाली, "घर तुमचं. हात माझा आहे. मी नाही मागं घेणार."

आपण बागेत धावत गेलो ते हिच्यासाठी की आपल्या घरासाठी, हे राजसबाईंना धड सांगता येईना. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मग माझीही राहू द्या, सर. माझ्यावरची पण."

मुरलीनं घर सोडलं. जाताना विहिरीत डिझेल ओतून गेला. कुत्रे एका प्राणिसंस्थेनं नेले, त्यातले दोन जगले नाहीत. घर अजून रिकामंच आहे. तारीख पडली की राजसबाई लंगडत चेंगलपट्टूच्या कोर्टात जातात. एका प्रकरणात फिर्यादी, दुसऱ्यात आरोपी. गोदाची बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून बसमध्ये तिचं तिकीट त्याच काढतात आणि खिडकीची जागा तिला देतात.