खुर्चीत बसून

आमच्या ऑफिसच्या साफसफाईचं कंत्राट सुमनताईंकडे आहे. परवा मी लवकर पोहोचले, तर फरशी अजून ओली होती आणि ताई चक्क माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. मला पाहूनही उठल्या नाहीत. मान वाकडी करून टेबलाच्या कडेखाली बघत राहिल्या. मग त्यांनी कामावरच्या बाईला हाक मारली, "मंगल, बस इथं जरा." मंगल बसली आणि लगेच फडकं घेऊन खाली वाकली.

"उभ्यानं सगळं चकाचकच दिसतं हो," ताई मला म्हणाल्या. "पण ज्याला दिवसभर इथं बसायचंय, त्याला काय दिसतं? मी प्रत्येक खुर्चीत बसून बघते, मगच निघते."

ताईंना एकदा काम दिलेला माणूस दुसरीकडे का जात नाही, ते मला कळलं. आपण बहुतेक सगळं जाता-येता, उभ्यानेच बघतो. ठीक आहे म्हणतो आणि पुढे जातो.

संध्याकाळी घरी आले आणि बाबांच्या खाटेवर टेकले. ते आता फारसे उठत नाहीत. स्वयंपाकघरातून आमचं लक्ष राहावं म्हणून खाट मुद्दाम त्या कोपऱ्यात ठेवली आहे. उशीला डोकं लावून पाहिलं, तर तिथून खिडकी दिसतच नव्हती.

"काय बघतेस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला काय दिसतं ते."

"कपाट," बाबा म्हणाले. "रोज छान पुसलेलं असतं."