वरचा ब्रेक

नातीच्या नव्या सायकलच्या मुठींना रबराचा वास येतो आणि मला सेलूचं एक सायकल दुकान आठवतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्याची वर्षं होती. दादाच्या जुन्या रेसर सायकलच्या वाकड्या हँडलला ब्रेक घ्यायचे होते. साधे ब्रेक खाली वाकून दाबावे लागत. दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकना वरूनही दाबता येईल अशी जादा दांडी होती.

बाबा म्हणाले, "हेच घे. पारापाशी झटकन उतरता येतंय." आमच्या वस्तीतलं कुणी गावच्या पारासमोरून सायकलवर बसून जात नसे.

दादानं ती दांडी दाबून पाहिली. "हेच घेतो. पारासमोरून ताठ बसून जाता येतंय."

दुकानदार पाना शोधायला लागला. दोघांना एकच ब्रेक पसंत पडला, एवढंच तेव्हा मला कळलं.