डायलिसिसच्या खोलीत माझं आडनाव

आप्पांनी हात मागे ओढला. माझी बोटं नुकतीच त्यांच्या मनगटाजवळ पोचली होती. विस्तव लागावा तसा त्यांनी तो हात छातीशी घेतला आणि माझ्याकडे न बघता मोठ्या सिस्टरना म्हणाले, "हाई नको माले. दुसरीले बलाव."

"काय झालं आप्पा?"

"हाई डोंगरनी शे ना? हिना हात नको."

सगळ्या खाटा भरलेल्या. सगळ्यांनी ऐकलं. मोठ्या सिस्टर आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या हसल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या मला म्हणाल्या, "जा, तू मागे जा. फिल्टर धुवायचेत."

गेले.

आप्पा म्हणजे शहाद्याकडचे मोठे केळीवाले. तसल्याच शिवारात माझ्या आईने डोक्यावरून केळीचे घड वाहिले. आमच्या माणसांचे हात घडाला चालतात, उसाला चालतात. कातडीला चालत नाहीत.

मी तोरणमाळच्या बाजूची. पावरा आदिवासी. नर्सिंग शिकून बाळंतपणाच्या वॉर्डात लागले, कित्येक वर्षं तिथेच होते. डोंगरातल्या बायका माझ्याशी पावरीत बोलायच्या, म्हणून मी सगळ्यांच्या सोयीची होते. मग माझ्या काकाच्या किडन्या गेल्या. तोंड सुजलं, पाय सुजले. घाट उतरून त्याला आणलं तर सांगितलं, इथे डायलिसिस नाही, सुरतला न्या. वाटेतच गेला. जीपमध्ये, माझ्या मांडीवर, श्वास शोधत. मी नर्स, आणि मी त्याला नुसती धरून बसले होते.

आमच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी तिकडची बदली मागितली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या बायका सोडून इकडे कशाला? मशीन झेपेल का तुला?"

शिकले. घाबरत शिकले. डायलिसिससाठी हातातली नस ऑपरेशन करून फुगवलेली असते. बोट ठेवलं की खाली थरथर लागते. तिच्यात दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आणि आता रोज मागच्या खोलीत नळापाशी उभी.

फिल्टर म्हणजे मशीनवरची किडनीच. त्याच पेशंटला पुन्हा वापरायची म्हणून धुवून ठेवतात. आप्पांचा फिल्टरही मीच धुवायचे. त्यांचं रक्त माझ्या हातांवरून वाहून जायचं. त्याला विटाळ नव्हता.

घरी बसवेना. भाकर थापता थापता हात थांबायचे. एसटीत जागा असली तरी मी उभीच राहायचे. कोणी हसलं की वाटायचं, मलाच हसले. आतून सतत काहीतरी ढकलत होतं. कुठे जायचं ते कळत नव्हतं.

धडगावकडची एक बाई डायलिसिसला यायची. माझ्या आईच्या वयाची. एका दुपारी ती ओरडायला लागली, पावरीत. बाहेर कोणाला काही कळेना. "गप पड गं," असं कोणीतरी खेकसलं. मी ग्लोव्हज ओरबाडून काढले आणि धावत गेले. "पायात गोळे आलेत तिच्या," मी सांगितलं. मग सलाईन सोडलं. मी तिचे पाय दाबत राहिले. ती निवली. माझं मनगट धरून पावरीतच म्हणाली, "तू आपली पोर. तुला आत का कोंडलंय?"

उत्तर मला माहीत होतं. मी परत फिल्टर धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात आप्पांना सुया लावणारी सिस्टर रजेवर होती. टेक्निशियन नंदुरबारला मशीनचा पार्ट आणायला गेलेला. मोठ्या सिस्टर मागे आल्या. आवाज एकदम मऊ.

"डबल मास्क लाव. टोपी खाली ओढ. बॅज काढून ठेव. आप्पांना सुया लाव, पण तोंड उघडू नकोस. विचारलंच तर मी सांगेन, नवी सिस्टर आहे, धुळ्याची."

पहिला अपमान मी गिळला होता. हा घशाखाली जाईना. यांना हात हवे होते. मी नको होते.

"लावते," मी म्हणाले. "बॅज काढणार नाही."

बाहेर आले. आप्पांच्या खाटेशी उभी राहिले. त्यांच्याच बोलीत बोलले, कळलं नाही असं म्हणायला जागा नको म्हणून.

"आप्पा, मी तीच शे. डोंगरनी."

माझं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं.

"आज सुया लावाले मीच शे. मन्हा हात चालस तं हात द्या. नही तं दुसरी येस तोपर्यंत थांबा."

"सिस्टर, हाई काय शे?" आप्पा ओरडले.

"वेडी झालीस का तू?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मी हलले नाही. आप्पांनीही हात दिला नाही. अंगात पाणी साठून त्यांना दम लागत होता. मी खाटेची डोक्याकडची बाजू उचलून दिली, डॉक्टरांना फोन केला आणि परत येऊन उभी राहिले. भीती मलाही वाटत होती. असा श्वास मी जीपमध्ये ऐकला होता. या माणसाला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण धुळ्याची होणं मला शक्य नव्हतं.

शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात पुढे केला.

नस चाचपली. सुया लावल्या. नळीतून रक्त धावलं.

संध्याकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "उद्यापासून तू परत डिलिव्हरीला. पेशंटशी उद्धट बोलतेस."

"उद्या सगळ्यांसमोर विचारा, काय उद्धट बोलले ते," मी म्हणाले. "मीही सांगेन, तुम्ही मला काय काढून ठेवायला लावत होतात."

बदली झाली नाही. माफीही कोणी मागितली नाही. आप्पा आता दुसऱ्या दवाखान्यात जातात, आणि त्याचा ठपका माझ्यावर आहे. असू दे. फिल्टर आता सगळ्या आळीपाळीने धुतात. माझा दिवस असला की मी धुते. शिक्षा म्हणून धुणार नाही.

नवा पेशंट आला की माझ्या बॅजवर त्याची नजर थांबते. तो विचारायच्या आधी मीच सांगते, कोण, कुठली. मग हात मागते. ज्याला नको असेल त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं नको म्हणावं. का नको, तेही म्हणावं.

मी तिथेच उभी असेन.